१ मे कोकणातल्या घरी: आधी नकाशा, मग झेंडा

एप्रिल सरता सरता चाकरमानी गावी येतात, बंद घरांची कुलपं निघतात आणि मुलांना अंगण अपुरं पडू लागतं. त्यातच १ मे येतो. हल्ली अनेक वाड्यांत आणि घरांतही महाराष्ट्र दिनाला स्वतःचा तिरंगा लावतात, आणि ते चांगलंच आहे. मात्र दरवर्षी चुका त्याच होतात. झेंडा वर जाऊन अडकतो आणि गाठ काही सुटत नाही. मुलं उपाशीपोटी उन्हात उभी असतात. मग कुणीतरी वीस मिनिटं बोलतं. संध्याकाळी मुलाला विचारलं तर “आज झेंडावंदन होतं” एवढंच सांगता येतं.

गाठ न सुटणं हा दोरीचा प्रश्न आहे, त्याचा उपाय खाली दिला आहे. मूल कोरडं राहतं त्याचं कारण मात्र क्रमात आहे. आपण आधी झेंडा लावतो आणि अर्थ नंतर सांगायला जातो, तोवर मुलाचं लक्ष आंब्याकडे गेलेलं असतं. म्हणून क्रम उलटा करा. ३० एप्रिलच्या संध्याकाळी अर्थ, १ मेच्या सकाळी झेंडा.

## टप्पा १: आठवडाभर आधी सामान जमवा

झेंडा. घरच्या अंगणासाठी ९०० × ६०० मिलिमीटर, म्हणजे साधारण ३ × २ फूट, हे माप बरोबर बसतं. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ असलंच पाहिजे. ध्वजसंहितेत डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून यंत्रावर विणलेला आणि पॉलिएस्टरचा झेंडाही चालतो. तरी घरासाठी खादीचा किंवा सुती घ्यावा. पॉलिएस्टरची घडी निसरडी होते आणि गाठीत बसत नाही.

तपासा, विकत घेतानाच:
- केशरी पट्टा कुठल्या टोकाला आहे? कडेच्या जाड पट्टीत दोरी ओवलेली असते. तिच्या एका टोकाला लाकडी खुंटी आणि दुसऱ्या टोकाला फास असतो. खुंटी केशरी बाजूला हवी. स्वस्तातल्या झेंड्यात ती उलटी शिवलेली सापडते आणि मग झेंडा उलटा चढतो.
- अशोकचक्राच्या आऱ्या मोजा, २४ हव्यात. हे काम मुलाला द्या.
- चक्र दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे.
- झेंड्यावर कुठलीही अक्षरं नकोत. मंडळाचं, दुकानाचं किंवा पक्षाचं नाव छापलेला झेंडा घेऊ नका.

काठी. झेंड्याच्या लांबीच्या चौपट उंची डोळ्यांना बरी दिसते, म्हणजे जमिनीच्या वर १२ फूट. माणग्याचा सरळ, सुकलेला बांबू उत्तम. ओला बांबू वाकतो. पेरांवरच्या गाठी तासून घ्या, नाहीतर फडकताना झेंडा त्यांना घासून उसवतो.

दोरी. सुती, ४ ते ५ मिलिमीटर जाडीची, ३० फूट. एवढी लागते कारण ती कप्पीवरून जाऊन दोन्ही बाजूंनी खाली यायची असते आणि शिवाय बांधायला हात-दोन हात उरायला हवी. घरात सुंभ असतो म्हणून तोच लावायचा मोह होतो. लावू नका. काथ्याची कुसळं कप्पीत अडकतात आणि झेंड्याच्या कापडात रुततात. पातळ नायलॉनची गाठ आपोआप सुटते, तीही नको.

कप्पी. लहान, लोखंडी, तेल घातलेली. खाऱ्या हवेने गेल्या वर्षीची कप्पी गंजून बसलेली असते. हाताने फिरवून बघा, कुरकुरली तर बदला.

याशिवाय मुलांकडून दोन वस्तू जमवून घ्या: १०६ लहान शिंपले किंवा खडे, आणि दहा रुपयांची एक कोरी नोट. कशासाठी ते पुढे येईल.

## टप्पा २: जागा ठरवा

माडाखाली काठी उभी करायची नाही. सावली आहे म्हणून बरेच जण तिथेच करतात. पण सुकलेली झावळ आणि नारळ वाऱ्याची वाट बघत नाहीत, आणि त्याच जागी मुलांची रांग उभी असते. माडाच्या घेरापासून निदान दहा फूट लांब जा. वर बघून विजेची तारही तपासा. काठी आडवी पडली तरी तिचं टोक तारेपर्यंत पोचता कामा नये. काठी लोखंडी पाइपाची असेल तर हे दोनदा बघा.

जमीन कातळाची असेल तर खड्डा खणत बसू नका. ओटीच्या किंवा कठड्याच्या खांबाला काठी तीन ठिकाणी आवळून बांधा. मातीची जमीन असेल तर दोन फूट खड्डा करा, बांबू उभा करून भोवती जांभ्याचे तुकडे ठोकून बसवा आणि वरून माती चोपा. किनाऱ्यालगतच्या वाळूत नुसता खड्डा टिकत नाही. तिथे काठीच्या बुंध्याला चारी बाजूंनी चार चिरे लावून दोरीने जखडा.

तपासा: काठी दोन्ही हातांनी जोरात हलवा. बुंध्याशी माती उकलली तर पुन्हा ठोका. दुपारनंतर समुद्रावरून सुटणारा वारा सकाळच्या वाऱ्याच्या कितीतरी पट असतो. सकाळी ताठ असलेली काठी चार वाजता कलते.

काठीच्या टोकावर फुलं, हार किंवा नारळ लावू नका. ध्वजसंहितेत याला स्पष्ट मनाई आहे. भगवा किंवा इतर कुठला झेंडा लावायचा असला तर तो तिरंग्याच्या वर नको आणि बरोबरीने शेजारीही नको. मुलं विचारतील, “आज महाराष्ट्राचा झेंडा का नाही लावायचा?” खरं उत्तर द्या. महाराष्ट्र राज्याचा अधिकृत असा वेगळा झेंडा नाही. राज्याच्या वाढदिवशीही आपण देशाचाच झेंडा लावतो.

अंगणात तिरंग्याची रांगोळी काढायची टूम आहे. झेंडा जमिनीला टेकू नये म्हणून एवढी धडपड करायची आणि त्याचंच चित्र पायाखाली काढायचं, हे जुळत नाही. रांगोळी नेहमीची काढा, गोपद्मं काढा, कमळ काढा.

## टप्पा ३: ३० एप्रिलची संध्याकाळ, वाळूतला नकाशा

सगळ्या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. वेळ कमी असेल तर बाकी काहीही वगळा, हा ठेवा.

वेळ कशी काढायची. ओल्या, घट्ट वाळूची मोठी जागा हवी, म्हणजे ओहोटी हवी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला आणि ओहोटी नऊला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराकडे येते, त्यामुळे संध्याकाळी वाळू मोकळी मिळते. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी भरती असते, तेव्हा किनाऱ्याचा नाद सोडा. हिशेब तासाभराने चुकतो, म्हणून होडीवर जाणाऱ्या कुणाला विचारून खात्री करा. समुद्र जवळ नसेल किंवा वेळ जुळत नसेल तर अंगणात चुन्याच्या फक्कीने नकाशा काढा.

माप. एक मीटर म्हणजे १०० किलोमीटर. मोठ्या माणसाचं एक लांब पाऊल साधारण तेवढं भरतं. जागा कमी असेल तर एक मीटरला २०० किलोमीटर धरा.

समुद्राकडे तोंड करून उभं राहा. समोर पश्चिम, उजव्या हाताला उत्तर. नकाशाही तसाच काढा, म्हणजे नकाशातला समुद्र आणि खरा समुद्र एकाच बाजूला येतात. भिंतीवरच्या नकाशात “डावीकडे अरबी समुद्र” पाठ केलेल्या मुलाला ही गोष्ट पहिल्यांदा इथे उमगते.

१. काठीने उत्तर-दक्षिण पाच मीटरची रेघ ओढा. हा किनारा. उत्तर टोक डहाणू-बोर्डी, दक्षिण टोक रेडी.

२. उत्तर टोकापासून सव्वा मीटरवर मोठा दगड ठेवा, ती मुंबई. तिथून दक्षिणेला सव्वादोन मीटरवर रत्नागिरी. आता मुलाला म्हणा, “आपलं गाव कुठे येईल? तू ठेव खूण.” चुकू दे, मग सगळ्यांनी मिळून सरकवा.

३. किनाऱ्यापासून आत अर्धा मीटरवर ओल्या वाळूचा लांब बांध घाला. हा सह्याद्री. बांध आणि पाणी यांमधली ती चिंचोळी पट्टी म्हणजे आपलं कोकण. सात शिंपले ठेवा: पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग.

४. आता समुद्राकडे पाठ करून पूर्वेला चाला. मुंबईपासून नागपूर सात मीटर. तसंच पुढे गडचिरोलीच्या टोकापर्यंत किनाऱ्यापासून साडेआठ मीटर. लहान मूल तेवढं अंतर धावत जातं आणि तिथून ओरडतं. महाराष्ट्र केवढा, हे त्याला तेव्हा कळतं.

५. आत तीन तुकडे पाडा. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, मराठवाडा हैदराबाद राज्यात, आणि कोकणासह पश्चिम महाराष्ट्र मुंबई राज्यात. प्रत्येक तुकड्यात एकेक मूल उभं करा आणि विचारा, “तुम्ही तिघं एकच भाषा बोलता, पण तुमचे कारभार वेगळे. तुम्हाला काय वाटेल?” इथे मोठ्यांनी गप्प बसायचं. उत्तरं मुलांची येऊ द्या.

६. १ नोव्हेंबर १९५६: तिन्ही तुकडे एकत्र आले, पण उत्तरेला गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छही जोडून. हे द्विभाषिक मुंबई राज्य. वाळूत उत्तरेकडे मोठा गोल काढून नकाशाला जोडा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवायची घोषणा झाली होती. मुंबईच्या दगडाभोवती बोटाने वेगळं कुंपण काढून दाखवा.

७. आता ते १०६ शिंपले. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून झालेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ माणसं हुतात्मा झाली. फ्लोरा फाउंटन भागात २१ नोव्हेंबर १९५५ ला मोर्चावर गोळीबार झाला, आज तिथेच हुतात्मा चौक आहे. मुलांनी एकेक शिंपला मोजत मुंबईच्या दगडाभोवती ठेवायचा. घाई करू नका. चाळीस-पन्नासच्या पुढे मुलं आपोआप हळू बोलू लागतात.

८. शेवटी १ मे १९६०. सगळ्यांत मोठ्या मुलाच्या हातात काठी द्या. त्याने गुजरात आणि महाराष्ट्र यांमधली रेघ ओढायची आणि मुंबईभोवतीचं कुंपण पुसून टाकायचं.

सावध: गोष्ट सांगताना गुजराती माणसाला खलनायक करू नका. त्याच दिवशी गुजरात राज्यही जन्माला आलं आणि त्यांचाही तो आनंदाचा दिवस आहे. भाषेवरून राज्य व्हावं ही मागणी दोघांची होती. लहान वयात मनात बसलेला आकस पुढे काढणं फार कठीण जातं.

वयाप्रमाणे छाटणी करा. सहाच्या आतल्या मुलांना पहिले चार भाग आणि शिंपले पुरेत. सात ते दहा वर्षांच्या मुलांना सगळं झेपतं. अकराच्या पुढच्यांना नावंही सांगा: एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, श्रीपाद अमृत डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट, आणि डफावर थाप देऊन लोक जागे करणारे शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे. वेगवेगळ्या विचारांची ही माणसं एका मागणीसाठी एकत्र आली होती, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा. चिंतामणराव देशमुखांचं नाव मात्र दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा.

निघताना नकाशा पुसू नका. भरती आल्यावर तो जाईल.

## टप्पा ४: त्याच रात्री घडी आणि गाठ

पहिल्यांदाच करत असाल तर झेंडा उघडाच चढवा. तेही पूर्ण शास्त्रशुद्ध आहे आणि चुकायला जागा राहत नाही. फुलांच्या पाकळ्या घालून वर उघडायचा असेल तर ही कृती. आधी तीनदा पंचावर सराव करा, पंचाचं माप जवळपास झेंड्याएवढंच असतं.

१. स्वच्छ चटईवर धुतलेली चादर अंथरून तिच्यावर झेंडा पसरा. जमिनीला टेकवू नका.

२. काठीच्या दोरीचं एक टोक झेंड्याच्या वरच्या खुंटीला आणि दुसरं खालच्या फासाला पक्कं बांधा. सोयीसाठी पहिलीला वरची दोरी म्हणू, दुसरीला खालची.

३. झेंडा लांबीच्या दिशेने दुमडा, आधी निम्मा, मग पुन्हा निम्मा. लांब पट्टी झाली.

४. मधोमध मूठभर पाकळ्या ठेवा. पाकळ्या कोरड्याच हव्यात. गुलाब आणि झेंडू चालतात. बोगनवेल सर्वांत चांगली, कारण ती कागदासारखी हलकी असते आणि झुळकीबरोबर तरंगत खाली येते. जास्वंद नको. तिच्या पाकळ्या रात्रभरात बुळबुळीत होतात आणि पांढऱ्या पट्ट्यावर जांभळट डाग पडतो. तो डाग जात नाही.

५. मोकळ्या टोकाकडून दोरी ओवलेल्या कडेकडे गुंडाळत या. गुंडाळी फार आवळू नका.

६. खालच्या दोरीने गुंडाळीभोवती दोन वेढे घ्या. तिसरा नको. मग दोरीचं टोक नाही, तर जमिनीकडे जाणाऱ्या दोरीचा दुहेरी फासा त्या वेढ्यांखाली खुपसा. दोन बोटं मावतील एवढाच फासा बाहेर राहू द्या. बुटाच्या नाडीची गाठ एका बाजूने ओढली की सुटते, हिचंही तसंच.

तपासा: गुंडाळी एकाने उंच धरायची, दुसऱ्याने खालची दोरी झटक्याने ओढायची. फासा निसटला आणि वेढे आपोआप गळून पडले तर गाठ बरोबर. टोकच खुपसलं गेलं असेल तर ती पक्की गाठ होते. सकाळी वर अडकतात त्या बहुतेक याच.

बांधलेली गुंडाळी रात्री अंगणात ठेवू नका. मे महिन्यातही पहाटे दव पडतं, सुती दोरी फुगते आणि वेढे आवळतात. घरात, उंच जागी, कोरड्या कापडावर ठेवा.

## टप्पा ५: सकाळचा क्रम

शाळेत किंवा ग्रामपंचायतीत साधारण आठच्या सुमारास झेंडावंदन असतं आणि अनेक मुलांना तिथे जायचं असतं, त्यात निकालही. म्हणून घरचा कार्यक्रम सात वाजता उरका. ऊनही तोवर अंगावर येत नाही.

साडेसहाला मुलांना पाणी आणि पोटात काहीतरी द्या: अर्धी भाकरी, केळं, घावन, काहीही. उपाशी मूल दमट हवेत दहा मिनिटं ताठ उभं राहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. ही चूक शाळांतही होते, घरी तरी टाळा.

मग असं:

१. मुलांची रांग झेंड्याकडे तोंड करून उभी करा. मागे सूर्य असावा, समोर नाही, नाहीतर सगळी डोळे मिचकावत उभी राहतात.

२. एका वाक्यात सांगा: “काल आपण वाळूत रेघ ओढली, तो दिवस आजचा.” बस, एवढंच. बोलणं कालच झालं आहे.

३. दोघांनी दोरीला हात घालायचा. चढवणारा काठीवरून खाली आलेली वरची दोरी ओढतो. दुसरा खालची दोरी हातातून सैल सोडत राहतो, ताण येऊ द्यायचा नाही. ती ताणली की गाठ अर्ध्यावरच सुटते.

४. झेंडा चपळाईने वर जायला हवा. रेंगाळत चढवणं चूक. टोकाला पोचला की वरची दोरी काठीलाच खाली बांधा आणि मग खालची एकदा झटक्याने ओढा. हा झटका घरातल्या आजी-आजोबांच्या हातून व्हावा. १९६० चा दिवस ज्यांनी पाहिला ती माणसं अजून अनेक घरांत आहेत.

५. सगळे सावधान. राष्ट्रगीत पूर्ण, सुमारे ५२ सेकंदांत, स्वतःच्या गळ्याने. मोबाइलवर लावून ओठ हलवू नका. बेसूर झालं तरी चालेल.

६. त्यानंतर राज्यगीत. राजा बढे यांनी लिहिलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचं अधिकृत राज्यगीत आहे, आणि त्याची दोन कडवी त्यासाठी ठरवली आहेत. क्रम लक्षात ठेवा: आधी राष्ट्रगीत, मग राज्यगीत. तेही उभं राहूनच.

गाठ अडकलीच तर? काठीवर मूल चढवू नका आणि झेंड्याला गचके देऊ नका. वरची दोरी सोडून झेंडा शांतपणे खाली घ्या, हातावर झेला, गाठ सोडा आणि उघडा चढवा. मुलांसमोर हे न चिडता करणं फार मोलाचं आहे.

सिंधुदुर्गातल्या घरांसाठी एक भर. रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला तोही १ मे ला, १९८१ साली. म्हणजे आज राज्याबरोबर जिल्ह्याचाही वाढदिवस. मुलांना तो सांगा, बहुतेक मोठ्यांनाही ठाऊक नसतो.

## टप्पा ६: दिवसभरातली तीन छोटी कामं

सगळी एकदम लादू नका. दोन झाली तरी पुष्कळ.

दहाची नोट. नोटेच्या मागच्या बाजूला एका चौकटीत पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. मुलाच्या हातात भिंग द्या आणि मराठीची ओळ शोधायला सांगा. वरून आठवी. गुजराती तिसरी, कोकणी सहावी. “एवढ्या भाषांचा देश आहे, मग राज्यं कशावरून करायची?” हा प्रश्न हातात नोट असताना विचारला की मूल खरोखर विचार करतं. मग पुढच्या बाजूवरची गव्हर्नरांची सही दाखवा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावचे. पुढे केंद्रात अर्थमंत्री असताना, मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. कोकणातल्या मुलाला हे नाव माहीत असलंच पाहिजे.

आजोबांना तीन प्रश्न. वहीत लिहून घ्यायचे. तुमच्या लहानपणी मुंबईला कसं जायचे? घरातलं कोण मुंबईत काय काम करायचं? त्या वेळी इथे कुठल्या जिल्ह्याचं नाव लिहायचे? पहिल्याचं उत्तर बहुधा बोट येईल, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ साली. दुसऱ्याचं बऱ्याच घरांत गिरणी येईल, आणि तिथून १ मेच्या दुसऱ्या ओळखीकडे, कामगार दिनाकडे, वळता येतं. आठ तास कामाच्या मागणीसाठी १८८६ मध्ये शिकागोत झालेल्या आंदोलनातून तो आला, आणि भारतात पहिल्यांदा १९२३ मध्ये चेन्नईला पाळला गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणी कामगार मोठ्या संख्येने उतरले होते. कोकणातल्या घरात हे दोन दिवस वेगळे काढताच येत नाहीत. तिसऱ्याचं उत्तर रायगडात ‘कुलाबा’ आणि सिंधुदुर्गात ‘रत्नागिरी’ येईल.

सावध: आजोबांना मध्येच दुरुस्त करू नका. साल चुकलं तर वहीत समासात नंतर लिहा.

ग्रामसभा. १ मेच्या ग्रामसभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर आधीच लागते. दहाच्या पुढच्या मुलाला सोबत न्या, मागे बसवा आणि अर्ध्या तासाने घरी आणा. पाण्याच्या टाकीवरून दोघं तावातावाने बोलताना त्याने बघितलं की राज्य कशाने चालतं ते कळतं.

## टप्पा ७: जेवण

इथे फार लिहायचं कारण नाही, कोकणातल्या घरात मे महिन्यात काय रांधायचं ते कुणी शिकवायला नको. एकच सांगणं: तिरंगी केक आणून त्यावर चक्र काढून तो सुरीने कापू नका. आमरस, पुरी, भात आणि सोलकढी यात सगळा दिवस येतो.

झेंडावंदनाला शेजारची मुलं जमली तर पन्हं हवं. पंधरा जणांसाठी कैऱ्या एक किलो उकडा, गार झाल्यावर गर काढा. गराच्या एका वाटीला दीड वाटी चिरलेला गूळ घाला. कैरी फार आंबट असेल तर दोन. एकूण मीठ दोन चहाचे चमचे, वेलदोड्याची पूड एक. गूळ विरघळेपर्यंत हाताने कुस्करा. देताना एका भागाला चार भाग गार पाणी. रात्रीच गर-गूळ करून ठेवा, सकाळी फक्त पाणी घालायचं. पातेलं पितळेचं नको, आंबट गराने कळकतं.

## टप्पा ८: उतरवणं आणि जपून ठेवणं

जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. किनाऱ्यावर मात्र सूर्यास्ताआधी उतरवा. दुपारचा वारा आणि पहाटेचं दव यांत एका रात्रीत कडेची शिवण उसवते, आणि फाटलेला झेंडा लावणं गैर आहे.

चढवताना चपळ, उतरवताना सावकाश. ही ओळ मुलांकडून पाठ करून घ्या. झेंडा खाली येताना दोन मुलांनी हात पसरून झेलायचा. मग घडी: आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडा. नंतर दोन्ही टोकं अशी आत घ्या की मधलं चक्र आणि केशरी-हिरव्याची कड तेवढी वर दिसेल. तो तळहातांवर धरून घरात न्यायचा, काखोटीला मारून नाही.

किनाऱ्यावर किंवा रस्त्यावर कागदी, प्लॅस्टिकचे छोटे झेंडे पडलेले दिसले तर मुलांना वेचायला लावा. कागदी झेंडे आणि आपला फाटलेला झेंडा कचऱ्यात टाकायचा नसतो. घरच्यांनीच एकांतात, सन्मानाने, पूर्ण जाळायचा, फोटो न काढता.

चांगला झेंडा सावलीत तासभर वाळवा आणि सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर जूनच्या पावसात आतल्या आत बुरशी धरते आणि पांढऱ्या पट्ट्यावर काळे ठिपके पडतात. डब्यावर तारीख लिहा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उघीप बघून एकदा उघडा, कापड आणि शिवण बघा, खुंटी ओढून पाहा आणि कप्पीला पुन्हा तेल घाला.